लाल ठिपक्याचे पाकीट

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. सात वर्षे झाली. पत्नीला नाही, तिच्या अक्काला नाही, देवासमोर बसलो असतानाही नाही — तिथे मी मंत्र म्हणतो, बोलत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखीच्या माणसाला सांगण्याइतका मी धीट नाही. हाही त्या दोषाचाच एक भाग समजा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. त्या दिवसांत मी आनंदात होतो. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला शोभणार नाही इतका आनंदात. अपराधाची हकिकत सांगणारा माणूस पहिल्या ओळीपासून तोंड पाडून बसतो. मला तसे बसता येणार नाही; ते खरे होणार नाही. आजही ते दिवस आठवले की छातीत काहीतरी उडी मारते. त्याला मी काय करू?

मी तमिळ मुलखात, इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात तपासणी विभागाचा प्रमुख होतो. मोटारीच्या ब्रेकचे सुटे भाग. माझ्या सहीशिवाय पेटी फाटकाबाहेर जात नसे. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा फरक दिसला की भाग परत. कामगारांनी मला नाव ठेवले होते — ‘वेंडाम सार’. वेंडाम म्हणजे नको. नको-साहेब. ते नाव मला आवडत असे. हेही मी कोणाला सांगितले नव्हते.

निवृत्त झालो आणि वेस्ट मांबलमच्या या फ्लॅटमध्ये नको म्हणण्याजोगे काही उरले नाही. पंखे दुरुस्त केले. नळ दुरुस्त केले. शेजाऱ्यांचे चालू मिक्सरही उघडून पाहिले. अशी दहा वर्षे गेल्यावर कुठेतरी वाचले, की काही माणसे हाताच्या कातडीखाली काचेची एक लहानशी चिप बसवून घेतात आणि आपल्या घराचे दार नुसत्या हाताने उघडतात. घरच्या घरी बसवतात, म्हणे. किल्ली नाही, आकडे नाहीत. हात दाखवायचा — दार उघडते.

तुम्ही हे वाचून पान उलटले असते. मी ते कात्रण महिनाभर खिशात बाळगले.

सगुणेला — माझ्या पत्नीला — त्याची गरज होती, हे मी सर्वांना सांगितले. ते अर्धे खरे होते. तिच्या बोटांचे सांधे सुजलेले. किल्ली फिरत नसे. आकड्यांचे कुलूप लावावे तर सत्तावीसचे बहात्तर करणारी बाई. ती दर आठवड्याला मांबलमहून गाडीने क्रोमपेटला अक्काकडे जाई, एकटी जाई, आणि परतल्यावर मी घरात असेन तरच तिला घर. मी बाहेर असलो तर ती जिन्यात थांबे. म्हणून हे सर्व तिच्यासाठी, असे मी म्हणत असे. खरोखर कोणासाठी? माझ्यासाठी. मला ते काम करायचे होते.

कुलूप आधी आले. त्याच्यासोबत तीन कार्डेही होती. कार्ड समोर धरले तरी दार उघडे. ती मी टेबलाच्या खणात टाकली. कार्डाने दार उघडण्यात कसली मौज? चार आठवड्यांनी परदेशातून चिपांची पेटी आली. आत दोन सीलबंद पाकिटे. प्रत्येकात एक जाड सुई आणि सुईत काचेची कुपी — बारा मिलिमीटर लांब, दोन मिलिमीटर जाड. सरावासाठी एक रिकामी सुई वेगळी. ती पेटी उघडण्याआधी मी दोनदा हात धुतले. कारखान्यातल्या तीस वर्षांत एकाही पेटीसाठी असे केले नव्हते.

सगुणेने अक्काला फोन लावला. त्यांची बोली आमची तंजावरी मराठी. तुम्हाला कळावी म्हणून मी इथे थोडी सरळ करून लिहितो.

“अक्का, हे हातात चिप्पु घालणार आहेत. माझ्याही.”

“सीप्पु? केळ्यांचा?”

आपल्याकडे फणी जशी केळ्यांचीही असते आणि केसांचीही, तसाच तमिळमध्ये सीप्पु.

“केळ्यांचा नव्हे ग. काचेचा. कातडीच्या आत.”

“म्हणजे केसांचा. त्यांच्या डोक्यावर काय उरलंय विंचरायला? हातातच ठेवायचा तर ठेवू देत बापडे.” मग थोडे थांबून अक्का म्हणाली, “रविवारी येते. सगळ्यांना घेऊन येते. बघू तरी.”

हा रविवार लक्षात ठेवा. त्याने मला काही करायला लावले, असे मी म्हणत नाही. पण तो होता.

सराव मी कच्च्या केळ्यावर केला. इतर लोक मांसाच्या तुकड्यावर करतात, असे दिसले. आमच्या घरात ते शक्य नव्हते. साल भेदताना सुईचा कोन किती, दाब किती — तीन दिवस हेच. स्वयंपाकघरात टोचलेल्या केळ्यांची रांग लागली. सगुणेने त्यांची भाजी करायला साफ नकार दिला. “आजारी केळी आहेत ती,” म्हणाली. “आधी बरी होऊ देत.” पण स्वतःच्या हाताचे विचारले की तिचे एकच उत्तर — वेंडाम. माझाच शब्द मला परत. महिनाभर हेच.

शनिवारी सकाळी ती न्हाण्यासाठी आत गेली, आणि दाराआडून म्हणाली, “सरी, बरं. आज घाला. उद्या विचारू नका.”

तुम्हाला कळते आहे का, मला काय झाले ते? मी पोरासारखा उभा राहिलो. स्टीलचे ताट घासून उकळत्या पाण्याने धुतले. पाकिटे आणली. सूचनेत लिहिले होते की बंद पाकिटातूनच चिप कुलपाजवळ धरून आधी तपासावी. मी कोण? मी तपासणारच. पहिले पाकीट धरले — वीस वेळा. वीसही वेळा कुलूप उघडले. दुसरे धरले. चौदा वेळा उघडले. सहा वेळा नाही. पुन्हा वीस वेळा धरले. तेरा.

माझ्या हाताने लाल पेन उचलले आणि दुसऱ्या पाकिटाच्या कोपऱ्यावर एक ठिपका दिला. मी दिला असे म्हणत नाही, हाताने दिला. कारखान्यात लाल ठिपका म्हणजे संशय. हा भाग बाजूला ठेवा, पुढे जाऊ देऊ नका. कधी चालणारा, कधी न चालणारा भाग मोडक्या भागापेक्षा वाईट — हे मी शेकडो मुलांना शिकवले होते. हाताला ते पाठ होते.

परत पाठवले असते तर बदली चिप यायला सहा आठवडे. सगुणा ‘उद्या विचारू नका’ म्हणाली होती. रविवारी अक्का यायची होती. मी ताटाकडे पाहत उभा होतो आणि विचार करत होतो — आज फक्त माझी बसवावी. तिला सांगावे, तुझी खराब निघाली. साधे वाक्य होते. जिभेवर आले होते.

ती ओल्या केसांना पंचा गुंडाळून बाहेर आली. ताटाजवळ वाकली. ठिपका पाहिला.

“कुंकू लावलंत?”

मी पेनाला टोपण लावले.

“मला वाटायचं, तुम्हाला हे असलं सुचत नाही,” ती म्हणाली. आमच्या घरात नवे काही आले की त्याला कुंकवाचे बोट लागते — कुकर असो, वहाणा असोत. ते ती लावते. मी कधी लावले नव्हते. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्यासाठी म्हणून एक ठिपका कुठे दिला, असे तिला त्या सकाळी वाटले. तिने ते पाकीट उचलून कपाळाला लावले. “हे माझं.”

आता सांगा. तीस वर्षे ज्या एका शब्दावर मी भाकरी खाल्ली, तो शब्द तेव्हा कुठे गेला? वेंडाम. तीन अक्षरे. मी तो ओतीव लोखंडाला म्हटला होता, मालकाच्या मेहुण्याला म्हटला होता. तिला नाही म्हटला.

ती खूश होती, म्हणून मी गप्प राहिलो — अशी समजूत मी बरीच वर्षे घातली. ती खोटी आहे. काम सुरू व्हावे म्हणून मी गप्प राहिलो. बिनठिपक्याचे पाकीटही तिथेच होते. ‘ते नको, हे घे’ म्हणून मी अदलाबदल करू शकलो असतो. चांगली चिप तिला, संशयाची मला. हे मला सुचले. स्पष्ट सुचले. आणि मी चांगली घेतली. हे चार शब्दांचे वाक्य लिहायला मला सात वर्षे लागली.

माझा हात आधी. डावा. चिप बसवायची ती जागा अंगठा आणि तर्जनी यांच्या मधली. उजव्या हाताच्या त्या जागेला पितृतीर्थ म्हणतात. अमावास्येला तर्पणाचे पाणी मी तिथून सोडतो. पितरांच्या वाटेत काच नको, म्हणून डावा. सगुणा हसली. “मी कुठे तर्पण करते? मला उजवाच. दार उजव्यानेच उघडणार मी.” स्पिरिट, हातमोजे, सुई. माझ्या वेळी मी कण्हलो. तिच्या वेळी ती कण्हली नाही. ती हाताकडे पाहतच नव्हती. माझ्या तोंडाकडे पाहत होती. रक्ताचा एक थेंब आला, ठिपक्याएवढा. मी पट्टी लावली.

आणि मग दार. मी बाहेर गेलो, दार ओढून घेतले, डावा हात धरला — टिक. काय सांगू तुम्हाला? माझ्या हाताला पाहून माझे घर उघडले. मी अकरा वेळा आत-बाहेर केले. मग तिने हात धरला आणि पहिल्याच खेपेला — टिक. ती टाळी वाजवणार होती, पट्टी आठवून थांबली. त्या क्षणी मी ठिपका विसरलो. खरोखर विसरलो. चौदा वेळा तर उघडतेच ना, असे मनाशी म्हणालो. असे कोणी कारखान्यात म्हणाले असते तर मी त्याला दाराबाहेर काढले असते.

रविवारी अक्का आली, तिचा मुलगा-सून, नातवंडे, शेजारचे दोघे — जिन्यात गर्दी. मी हात धरला, दार उघडले, पोरे ओरडली. मग सगुणा. ती नवे लुगडे नेसली होती. हात धरला. काही नाही. पुन्हा धरला. पालथा केला, सुलटा केला.

“तुझ्या फणीचे दात मोडलेत वाटतं,” अक्का म्हणाली आणि सगळे हसले. सगुणाही हसली. हसत हसत माझ्याकडे पाहिले — तुम्ही सांगा ना, असे.

आणि मी सांगितले. सर्वांसमोर. “हात नीट लागत नाही तुझा. सराव पाहिजे.”

हेच ते. हाच माझा गुन्हा. पाकीट त्याच्या आधीचे पाऊल होते. माझ्या कामातला दोष मी तिच्या हातावर ढकलला. आणि तिने तो घेतला. मी तपासणीतला माणूस — माझ्या निकालावर तिने कधी संशय घेतला नव्हता.

तिने सराव केला. रोज, भांडी झाल्यावर, पंधरा मिनिटे. जखम भरली तशी चिप आणखी मंदावली. दहात एकदा, कधी पंधरात एकदा. पण ज्या दिवशी लागे त्या दिवशी दारातूनच हाक येई — “अहो, लागला.” तिचा चेहरा उजळलेला. मी आतून म्हणे, “बघ, जमते आहे.” तिने नियम शोधले: हात कोरडा हवा, बोटे जुळलेली हवीत, श्वास सोडून धरावा. एका अमावास्येला, माझे तर्पण झाल्यावर, ओळीने तीनदा लागला. त्या दिवशी जेवताना तिने विचारले, “त्या जागेचं असेल का हो? तुम्ही डावा घेतलात. मी उजव्यात घातला. सासूबाईंना आवडलं नसेल.”

असल्या समजुतींची मी जन्मभर थट्टा केली आहे. तिला हे ठाऊक होते. भीत भीतच विचारले तिने. मी भात कालवत म्हणालो, “असेल.”

दुसऱ्या दिवसापासून तिने कॉफी सोडली. काशीला गेल्यावर माणसे एखादा आवडता पदार्थ सोडून येतात, तशी. पितरांसाठी. तुम्ही मांबलममध्ये राहिला नसाल तर हे तुम्हाला किरकोळ वाटेल. पहाटे फिल्टरमध्ये डिकॉक्शन उतरण्याचा आवाज ऐकून उठणारी ती बाई. अजूनही माझी कॉफी तीच करते. चाखत नाही, वासावरून कडूपणा ठरवते. चुकत नाही.

खणात तीन कार्डे होती. तुम्ही हे कधीचे विचारता आहात, मला कळते. एक कार्ड तिच्या पिशवीत टाकले असते तर? मग तिने विचारले असते — कार्ड लागते, मग हात का नाही? एवढा एक प्रश्न. त्या प्रश्नाला मी भ्यालो.

तीन वर्षांनी इरुंगाट्टुकोट्टैला नव्या मुलांसमोर बोलायला मला बोलावले. मे महिना. मी चांगले बोललो. ती मुले पुढे सरकून ऐकत होती आणि मला जुना जोर चढला होता. मी म्हणालो, संशयाचा भाग पुढे जाऊ देऊ नका. तुमच्या टेबलावरून तो जातो तेव्हा लहान असतो. पुढे कुठेतरी तो कोणाच्या तरी पायाखालचा ब्रेक होतो. टाळ्या पडल्या. मी त्या घेतल्या.

साडेपाचला घरी आलो. सगुणा जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसली होती. क्रोमपेटहून एक वाजता परतलेली. समोरच्या घराला कुलूप. साडेचार तास. लुगड्याचा पदर पाण्याच्या बाटलीने भिजवून तिने उजव्या हाताला गुंडाळला होता. अंगठ्याजवळची कातडी कुलपावर घासून लाल झाली होती.

“फोन का नाही केलास?”

“तुमचं भाषण चाललं असणार,” ती म्हणाली. मग उठता उठता — “चुकलं माझं. दोनदा लागल्यासारखा वाटला. मी हात लवकर काढला असेन.”

मी डावा हात धरला. टिक. ती माझ्या आधी आत गेली आणि माझ्या कॉफीसाठी दूध ठेवले.

मी खोलीत जाऊन खण उघडला. एक कार्ड काढले. ते हातात धरून उभा राहिलो — किती वेळ, माहीत नाही. दूध उतू जाऊन तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला, एवढा वेळ. मग ते कार्ड परत ठेवले. पाकिटाच्या दिवशी उतावळेपणा होता, रविवारी लाज होती. या दिवशी काहीच नव्हते. मी तिची लाल झालेली कातडी पाहून आलो होतो आणि तरी खण बंद केला. त्यानंतर ती क्रोमपेटला एकटी गेली नाही. अक्काच कधीमधी येते. गुडघे दुखतात तिचे, जिना चढताना मला शिव्या घालते. बरोबर करते; फक्त त्याचे कारण तिला माहीत नाही.

आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. हे देवनागरीत लिहितो आहे. तरुणपणी पुण्याच्या एका कारखान्यात बारा वर्षे काढली, तिथे ही लिपी आणि ही पुस्तकी भाषा मी मेहनतीने कमावली. सगुणा मराठी बोलते. पण वाचते आणि लिहिते ते तमिळ अक्षरांत. देवनागरी तिला येत नाही. मी ही लिपी का निवडली, हे तुम्ही ओळखले असेलच.

ती आत्ता समोर बसली आहे. शेंगा सोलते आहे. मघाशी तिने विचारले, “इतकं काय लिहिताय?”

“हातातल्या चिपविषयी. मासिकासाठी.”

तिला आनंद झाला. शेंगा बाजूला ठेवून म्हणाली, “मग माझंही लिहा. लिहा, की सात वर्षं झाली तरी तिने सराव सोडला नाही.”

लिहिले.